जुनी रक्कम आजच्या भावाने किती? निर्देशांकाच्या हिशेबात चार माणसांची चार उत्तरं

शाईपेन

नमस्कार मंडळी,

आमचा एक लहानसा न्यास आहे. दरवर्षी एका विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतो. पाच वर्षांपूर्वी रक्कम 40,000 ठरली आणि अजून तेवढीच आहे. ज्यांनी देणगी दिली त्यांच्या पत्रात एकच वाक्य आहे: "या रकमेचे मोल आजच्याइतकेच राहील हे विश्वस्तांनी पाहावे." कसं पाहायचं ते लिहिलेलं नाही, आणि विचारायला ते आता हयात नाहीत. त्यांचा शब्द नीट पाळला जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून हा धागा.

ग्राहक किंमत निर्देशांक वापरावा यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुढे गाडी अडली. आमच्याकडचे वार्षिक सरासरी आकडे असे आहेत (हिशेब कळावा म्हणून सोपे केलेत). रक्कम ठरली त्या वर्षी 125.0, मग 130.0, मग 137.8, मग 144.7. त्या चौथ्या वर्षी जुनी मालिका बंद झाली आणि तेच वर्ष 100 धरून नवी सुरू झाली. नव्या मालिकेत पुढचं वर्ष 106.0 आणि आत्ताचं 110.6.

एक विश्वस्त म्हणतात, 125 चे 110.6 झाले म्हणजे निर्देशांक उतरला, वाढ कशाला द्यायची? दुसऱ्यांनी दरवर्षीचे महागाईचे दर (4, 6, 5, 6 आणि 4.3) एकाखाली एक लिहून बेरीज केली, 25.3 टक्के आले, म्हणून रक्कम 50,120. तिसऱ्यांनी कुठूनतरी गुणक मिळवून आजचा आकडा जुन्या मालिकेत 160 आणला, त्यातून 125 वजा केले, 35 उरले, म्हणून 35 टक्के वाढ आणि रक्कम 54,000. चौथ्या विश्वस्त बाई म्हणतात की हे सगळं सोडा, शिक्षणाचं शुल्क पाच वर्षांत दुप्पट झालंय, मग शिष्यवृत्तीही दुप्पट हवी.

सगळी माणसं तळमळीने बोलतायत, कुणाचा हट्ट नाही. बरोबर उत्तर कोणतं आणि का, हे बैठकीत समजावून सांगता येईल अशा भाषेत कुणी सांगेल का?

गुणाकार

उत्तर 51,200 च्या आसपास. आधी मालिका जोडा: नव्याचे 100 म्हणजे जुन्याचे 144.7, तर 110.6 म्हणजे 110.6 × 1.447 = 160.04. मग भागाकार: 160 ÷ 125 = 1.28. 40,000 ला 1.28 ने गुणा. वाढ 28 टक्के. निर्देशांकात वजाबाकी करून थांबायचं नसतं, नेहमी भागाकार.

टाचण

गुणाकार यांचं उत्तर अचूक आहे. पण बैठकीत "का" विचारलं जाणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी नोकरीची बरीचशी वर्षं किमती गोळा करणं आणि त्यावरून निर्देशांक तयार करणं याच कामात गेली, त्यामुळे या विषयाबद्दल मला जिव्हाळा आहे.

निर्देशांक हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. 125 म्हणजे 125 काय? काहीच नाही. कुठल्यातरी वर्षी वस्तू आणि सेवांचा एक ठरावीक संच विकत घ्यायला जो खर्च आला त्याला 100 म्हटलं, आणि तोच संच नंतर घ्यायला किती लागले ते त्या प्रमाणात लिहिलं. म्हणून त्यात अर्थ आहे तो फक्त दोन आकड्यांच्या गुणोत्तराला. जर्मनीच्या एत्येन लासपेर याने 1871 मध्ये जे सूत्र मांडलं, त्याच्याच बहिणी-भावंडांवर आजही बहुतेक देशांचे निर्देशांक चालतात: आधीच्या काळातल्या खरेदीची प्रमाणं कायम धरायची आणि फक्त किमती बदलायच्या.

तिसऱ्या विश्वस्तांनी 35 काढले ते निर्देशांकाचे अंक आहेत, टक्के नव्हेत. सुरुवात 100 पासून झाली असती तर दोन्ही एकच आले असते, म्हणून हा घोळ इतका सहज होतो. त्यांना अमेरिकेचे खरे आकडे दाखवा. तिथला निर्देशांक 1982-84 ची सरासरी 100 धरून आहे. 2000 ची वार्षिक सरासरी 172.2, 2020 ची 258.8. वजाबाकी केली तर 86.6 येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की वीस वर्षांत भाव जवळपास दुप्पट झाले. भागाकार केला तर 1.503, म्हणजे वाढ 50 टक्क्यांची, वर्षाला सरासरी दोन टक्क्यांहून किंचित जास्त. वस्तू त्याच, वर्षं तीच, आणि नुसत्या वजाबाकीमुळे 36 टक्क्यांचा फरक.

दुसऱ्या विश्वस्तांची बेरीज खऱ्या उत्तराच्या जवळ आली आहे, कारण वर्षं पाचच आहेत. महागाई चक्रवाढीने चालते. दुसऱ्या वर्षीचे 6 टक्के पहिल्या वर्षी आधीच वाढलेल्या भावावर लागतात. 1.04 × 1.06 × 1.05 × 1.06 × 1.043 करून पाहा, 1.28 येईल. काळ लांबला की बेरीज फार तोकडी पडते: 7 टक्के दराने दहा वर्षांची बेरीज 70, आणि खरी वाढ जवळपास 97 टक्के. विद्यार्थ्याच्या बाजूने बघितलं तर ही बेरीज त्याला दर वर्षी थोडं थोडं कमी देत जाते.

पहिल्या विश्वस्तांचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो अगदी रास्त आहे. कागदावर 125 आणि त्यानंतर 110.6 दिसलं तर कुणीही तेच म्हणेल. आधार वर्ष (ज्याला 100 धरतात ते वर्ष) बदलणं म्हणजे मोजपट्टीचा शून्य सरकवणं नाही, तर संचच नव्याने भरणं असतं. लोक काय विकत घेतात ते बदलतं. घराघरात खर्चाची नवी पाहणी होते, भारांक (एकूण खर्चात प्रत्येक वस्तूचा वाटा) नव्याने ठरतात, आणि नव्या संचाला पुन्हा 100 पासून मोजायला सुरुवात होते. दोन्ही मालिका एका काळापुरत्या एकमेकींवर येतात, आणि तिथेच सांधा मारायचा असतो. भारतातल्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचं आधार वर्ष 2001 वरून 2016 झालं तेव्हा जोडगुणक 2.88 जाहीर झाला, म्हणजे नव्याचे 100 हे जुन्याच्या 288 बरोबर. ज्यांचा महागाई भत्ता त्यावर अवलंबून, त्यांना हा गुणक तोंडपाठ असतो. तुमच्या मालिकेचा असा अधिकृत गुणक जाहीर झालेला असेल तर तोच वापरा, घरी काढलेला नको. बारीक फरक पडू शकतो आणि मग वाद होतात.

आता शुल्क दुप्पट झाल्याचा मुद्दा. त्या बाई चुकीचं बोलत नाहीत. शुल्क दुप्पट होणं आणि निर्देशांक 28 टक्क्यांनीच वाढणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. समजा संचात शिक्षणाचा भार 100 पैकी 5 आहे. शिक्षण दुप्पट महागलं तरी एकूण निर्देशांकात त्यामुळे 5 अंकांची भर पडते, बाकी 95 भारांच्या वस्तू काय करतात यावर उरलेलं ठरतं. ज्याच्या घरात कुणी शिकत नाही आणि ज्याची तीन मुलं शिकतायत, दोघांची सरासरी त्या एका आकड्यात आहे. म्हणून तुम्हाला आधी हे ठरवावं लागेल की देणगीदारांना काय राखायचं होतं: त्या पैशांची सर्वसाधारण खरेदीची ताकद, की शुल्काचा अमुक वाटा भरण्याची ताकद. पहिलं असेल तर सर्वसाधारण निर्देशांक. दुसरं असेल तर शिक्षण गटाचा उपनिर्देशांक, नाहीतर सरळ शुल्काचीच टक्केवारी. तुम्ही जे वाक्य उद्धृत केलंय, "या रकमेचे मोल", ते मला पहिल्या अर्थाकडे झुकणारं वाटतं. पण पत्र तुमच्यासमोर आहे, माझ्यासमोर नाही.

तुमचा प्रश्न वाचून मला विल्यम फ्लीटवुड आठवला. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठी महाविद्यालयाचे पंधराव्या शतकातले नियम सांगत होते की वर्षाला 5 पौंडांपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्याला तिथे अधिछात्र (फेलो) म्हणून राहता येणार नाही. अडीचशे वर्षांनंतर 5 पौंडांत काय येणार? नियम तर शपथेने बांधलेला. फ्लीटवुड धर्मगुरू होता. त्याने 1707 मध्ये धान्य, मांस, पेय आणि कापड यांच्या शेकडो वर्षांच्या किमती जमवल्या आणि म्हटलं की नियम करणाऱ्याच्या मनात नाण्यांची संख्या नव्हती, त्या नाण्यांत येणाऱ्या वस्तू होत्या. तेव्हाच्या 5 पौंडांत जेवढ्या वस्तू येत तेवढ्या घ्यायला आज जे लागतात, तीच मर्यादा मानावी. तुमचा प्रश्न हुबेहूब तोच आहे, फक्त बाजू उलटी.

वाटसरू

टाचणताईंचं विवेचन उत्तम. तरी मनातलं बोलतो. हे निर्देशांक सरकारच काढतं आणि ते आपल्या अनुभवाशी जुळत नाहीत. घरखर्च ज्या वेगाने वाढतो त्याच्या निम्मी महागाई जाहीर होते. अशा आकड्यावर न्यासाची नीती बेतायची का? शिवाय पाकिटं लहान होत चाललीत, किंमत तीच. ते कुठे धरतात?

टाचण

वाटसरूजी, पाकिटाचं आधी सांगते, कारण ते मी स्वतः करत आले.

किंमत गोळा करणाऱ्याच्या तक्त्यात नुसतं वस्तूचं नाव नसतं. कोणता ब्रँड, कोणता प्रकार, किती वजन, कोणत्या विक्रेत्याकडे, हे सगळं पक्कं लिहिलेलं असतं आणि दर महिन्याला त्याच जागी तीच वस्तू शोधायची असते. छापील किंमत नाही, गिऱ्हाईक प्रत्यक्ष मोजतं ती किंमत, कर धरून. सवलत सगळ्यांना मिळत असेल तर ती वजा करून. आता 500 ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत 450 ग्रॅमचं झालं. तक्त्यात किंमत तीच भरली तर निर्देशांक हलणार नाही. म्हणून वजनाची नोंद करायची आणि दर ग्रॅमवर काढायचा: 500 ÷ 450, म्हणजे 11.1 टक्के दरवाढ. ही दरवाढ म्हणूनच निर्देशांकात जाते. नव्याने कामावर आलेल्या मुलांना मी पहिली गोष्ट हीच शिकवायची, की किमतीआधी वजन वाचा.

याहून कठीण काम असतं वस्तूच नाहीशी झाली तर. जुनं उपकरण बाजारातून गेलं, नवं आलं, महाग पण दुप्पट क्षमतेचं. त्यातली किती वाढ महागाईची आणि किती वाढ गुणवत्तेची? इथे सांख्यिकीवाल्यांना अंदाजच बांधावा लागतो, आणि मतभेद इथेच आहेत. अमेरिकेत बॉस्किन आयोगाने 1996 मध्ये म्हटलं की तिथला निर्देशांक महागाई वर्षाला सुमारे 1.1 टक्का जास्त दाखवतोय, कारण नव्या वस्तू, सुधारलेली गुणवत्ता आणि लोकांचं स्वस्त पर्यायाकडे वळणं यांचा पुरेसा हिशेब होत नाही. म्हणजे तुमच्या तक्रारीच्या बरोबर उलट तक्रार. लोकांच्या अनुभवात महागाई जास्त वाटते, अभ्यासक म्हणाले ती कमी आहे.

अनुभव का जुळत नाही याचं माझं निरीक्षण असं: जे रोज घेतो त्याचे भाव डोक्यात बसतात, जे दोन-चार वर्षांनी घेतो त्याचे बसत नाहीत. भाव वाढला की जाणवतो, जैसे थे राहिला की जाणवत नाही. आणि घराच्या किमती वाढलेल्या बघून आपण त्याही मनातल्या मनात महागाईत धरतो, पण बहुतेक निर्देशांकांत घर ही गुंतवणूक मानतात. तिथे भाडं धरतात, किंवा मालकाने स्वतःच्या घराला दिलं असतं असं मानलेलं भाडं. घर घेण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाची महागाई त्यात दिसणार नाही. हा निर्देशांकाचा खोटेपणा नव्हे, पण अशा माणसाच्या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

सरकारी हस्तक्षेपाची भीती मात्र अगदीच निराधार नाही. अर्जेंटिनाची अधिकृत महागाई 2007 पासून काही वर्षं इतकी अविश्वसनीय झाली की फेब्रुवारी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या देशाविरुद्ध निषेधाचा ठराव केला. संशोधक तिथल्या ऑनलाइन दुकानांच्या किमती रोज जमवून स्वतंत्र अंदाज काढत होते, आणि तो अधिकृत आकड्याच्या कितीतरी वर होता. ते प्रकरण उघडकीला येऊ शकलं कारण पडताळून बघता येण्याजोग्या किमती बाहेर उपलब्ध होत्या. म्हणून मी म्हणेन, भारांक आणि पद्धत जिथे छापून मिळते तो निर्देशांक घ्या, आणि मनातल्या आकड्यावर न्यास चालवू नका. मनातला आकडा प्रत्येक विश्वस्ताचा वेगळा असतो, हे शाईपेन यांच्या बैठकीत दिसलंच आहे.

गुणाकार

वाटसरू, अजून एक. "महागाई 28 टक्के झाली म्हणजे पैशाची किंमत 28 टक्क्यांनी घटली" असंही सर्रास लिहिलं जातं, तेही बरोबर नाही. 40,000 आज त्या वेळच्या भावाने 40,000 × 125 ÷ 160 = 31,250. घट 22 टक्क्यांच्या आतबाहेर. भाव दुप्पट झाले तर वाढ 100 टक्के, पण पैशाची किंमत निम्मी होते, शून्य नाही.

शाईपेन

खूप आभार सगळ्यांचे. टाचणताई, फ्लीटवुडची गोष्ट बैठकीत सांगितली आणि "दुप्पट करा" म्हणणाऱ्या बाईच पहिल्यांदा म्हणाल्या की पत्रातल्या शब्दाचा अर्थ सर्वसाधारण मोल असाच घ्यावा. शुल्काची वेगळी मदत हा विषय वेगळा ठराव करून घेऊ असं ठरलं. 51,200 सर्वांना मान्य.

आता पुढच्या वर्षांसाठी नियम लिहून ठेवायचाय, म्हणजे आमच्यानंतरच्यांना पुन्हा हा वाद नको. माझा मसुदा: "शिष्यवृत्तीची रक्कम दरवर्षी महागाईनुसार वाढवण्यात येईल." पुरेसं आहे का?

तळटीप

मी करारांचे मसुदे करते, म्हणून लिहिते आहे. हे वाक्य कृपया असं ठेवू नका. "महागाईनुसार" या एका शब्दावर मी माणसांना वर्षानुवर्षं भांडताना पाहिलंय.

कोणता निर्देशांक? एकाच देशात शहरी, ग्रामीण, एकत्रित, कामगारांचा असे वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा आकडा निराळा. मालिकेचं पूर्ण नाव लिहा, प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेचं नाव लिहा. कोणता काळ? एका महिन्याचा आकडा घेतला तर त्या महिन्याच्या चढउताराची शिक्षा किंवा बक्षीस विद्यार्थ्याला मिळतं. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनात जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांची सरासरी घेऊन ती एरवी आधीच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडतात, 2022 मध्ये त्यावरूनच 8.7 टक्के वाढ ठरली. तुमच्याकडे वार्षिक सरासरी आहे, ती उत्तम. पण ती जाहीर व्हायला वेळ लागतो, तेव्हा "रक्कम ठरवण्याच्या दिवशी उपलब्ध असलेल्या शेवटच्या पूर्ण वर्षाची सरासरी" असे शब्द घाला.

ऋतुमानाचा परिणाम काढून टाकलेली मालिका असेल तर ती करारात वापरू नका. तिचे आकडे मागाहून सुधारले जातात, आणि एकदा दिलेली रक्कम परत मोजायची वेळ येते. न सुधारलेली मूळ मालिकाच घ्या.

आधार वर्ष बदललं तर काय, आणि मालिका कायमची बंद पडली तर काय, या दोन्हींची तरतूद आजच करा. ब्रिटनमध्ये किरकोळ किंमत निर्देशांक फार जुना, पण तो ज्या पद्धतीने सरासरी काढतो तीत दोष असल्याने 2013 मध्ये त्याचा अधिकृत राष्ट्रीय आकडेवारीचा दर्जा गेला. तरीही कर्जरोखे आणि करार त्याच्याशी बांधलेले असल्यामुळे तो छापत राहावा लागतो. ज्यांनी पर्यायाचं वाक्य लिहून ठेवलं नव्हतं त्यांची पंचाईत झाली.

अवांतर: या प्रकारचं सर्वांत स्पष्ट कलम मला 1780 सालचं माहीत आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कागदी चलन कोसळत होतं, सैनिकांचं वेतन मातीमोल होत होतं. मॅसॅच्युसेट्सने त्यांना रोखे दिले आणि त्यावर छापलं की परतफेड चालू चलनात होईल, पण 5 बुशेल मका, 68 पूर्णांक 4/7 पौंड गोमांस, 10 पौंड लोकर आणि 16 पौंड जाड चामडं यांना तेव्हा जेवढे पडतील त्या प्रमाणात. 4/7 पौंड! कुठेही वाद उरू नये म्हणून सप्तमांशापर्यंत लिहिलंय. त्या सैनिकाला निर्देशांक हा शब्द ठाऊक नव्हता, पण आपल्याला काय मिळणार हे वाचून कळत होतं. मसुदा असा असावा.

शाईपेन

तळटीप, हे अमूल्य आहे. सुधारून लिहिलं: "दरवर्षी रक्कम मागील वर्षाच्या रकमेला निर्देशांकातील वार्षिक वाढीच्या प्रमाणात गुणून ठरेल. निर्देशांक उतरल्यास रक्कम कमी केली जाणार नाही. रक्कम जवळच्या हजारापर्यंत पूर्ण करावी." मालिकेचं नाव, संस्था आणि सरासरीचे शब्द तुम्ही सांगितलेत तसेच घातले आहेत.

टाचण

दोन ठिकाणी थांबा. दोन्ही ठिकाणी चूक लगेच दिसत नाही, दहा वर्षांनी दिसते.

पहिलं हजारांचं. दरवर्षी मागच्या वर्षीच्या पूर्णांकित रकमेवरून पुढे गेलात तर प्रत्येक वर्षाची कापाकापी पुढे साठत जाते. 51,200 चे 51,000 झाले, पुढचं गुणन 51,000 वर. मूळ आकड्यांतलं पूर्णांकनही काय करतं बघा: अमेरिकेच्या मालिकेत 1913 ची सरासरी 9.9 आहे. हा 9.9 खरा 9.85 ते 9.95 मधला काहीही असू शकतो. 2023 चे 304.7 त्याने भागले तर 30.8 पट, पण प्रत्यक्षात 30.6 ते 30.9 मधलं काहीही. आकडा लहान असला की एका दशांशाचंही वजन फार. तुमचे आकडे शंभराच्या वर आहेत, म्हणून तिकडून धोका कमी, पण हजारांचं पूर्णांकन टाळता येण्यासारखं आहे.

दुसरं जास्त गंभीर. निर्देशांक उतरल्यास रक्कम कमी करायची नाही, हे मला मान्य आहे. चालू वर्षी 51,200 घेणाऱ्या मुलीनंतर पुढच्या वर्षी कुणाला कमी देणं बरं दिसत नाही. पण तुमच्या शब्दांत एक भोक राहिलंय. समजा निर्देशांक 160 वरून 156 वर आला आणि पुढच्या वर्षी परत 160 झाला. उतरला तेव्हा रक्कम 51,200 च राहिली. चढला तेव्हा 160 ÷ 156 ने गुणली, 52,513 झाली. भाव जिथे होते तिथेच परत आले आणि रक्कम मात्र अडीच टक्क्यांनी वाढली. असं तीन-चार वेळा झालं की न्यासाचं मुद्दल हळूहळू झिजतं आणि शेवटी शिष्यवृत्तीच बंद करायची वेळ येते.

हे काल्पनिक नाही. अमेरिकेचा निर्देशांक 2009 मध्ये सरासरीने उतरला होता. तिथल्या निवृत्तिवेतनात 2010 आणि 2011 साठी वाढ मिळाली नाही, कपातही झाली नाही, आणि पुढची वाढ मोजताना तुलना उतरलेल्या 2009 शी न करता 2008 च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीशी केली गेली, जिच्यावर आधीची वाढ दिली होती. निवृत्तांना त्या दोन वर्षांत ते आवडलं नाही हे साहजिक आहे, पण नियम दोन्ही बाजूंना न्याय देणारा होता.

दोन्ही अडचणींवर एकच उपाय: मागच्या वर्षाची साखळी सोडा आणि दरवेळी मुळापासून मोजा. मी असं लिहीन, हवं तसं बदला:

"शिष्यवृत्तीची रक्कम म्हणजे 40,000 ला चालू निर्देशांकाने गुणून 125.0 ने भागले असता येणारी रक्कम, किंवा मागील वर्षी दिलेली रक्कम, या दोहोंपैकी जी मोठी असेल ती. चालू निर्देशांक नव्या आधार वर्षाचा असल्यास तो आधी प्रसिद्ध जोडगुणकाने जुन्या मालिकेत आणावा. गुणोत्तर चार दशांश स्थळांपर्यंत घ्यावे आणि पूर्णांकन केवळ शेवटच्या रकमेत, जवळच्या शंभरापर्यंत करावे."

याने 160 ते 156 ते 160 या प्रवासात रक्कम 51,200 वरच थांबते आणि निर्देशांक 160 च्या वर गेल्यावरच पुन्हा हलते. आधार वर्ष आणखी एकदा बदललं तर दोन जोडगुणकांचा गुणाकार करायचा, 125.0 ला हात लावायचा नाही. दरवर्षीच्या हिशेबाचा कागद, त्यात घेतलेला निर्देशांक आणि तो ज्या दिवशी पाहिला ती तारीख, ठरावाच्या वहीत चिकटवून ठेवा. पुढचे विश्वस्त तुम्हाला विचारायला येऊ शकणार नाहीत, आणि त्यांना हे कागद बघूनच पुढचा आकडा काढावा लागेल.